सतरा नंबरचं सूप

"बंद म्हणजे? तब्येत बरी नाही का?" चौकशीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावत विचारलं.

"तब्येतीला काय धाड भरलीय?" पलीकडून सूपवाले म्हणाले. "बंद म्हणजे बंद. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. तुमच्या यादीतून काढून टाका आम्हाला."

अकरा वर्षं रोज दुपारी साडेचारच्या सुमाराला बाई या माणसाला फोन करत आणि तो रोज एकच वाक्य बोले. "चालू आहे बाई, या कधीतरी." बाईही रोज म्हणत, "येते हो." तेवढ्यावर दोघांचं अगदी छान चाललं होतं.

"ही गेल्यापासून पुढे गिऱ्हाइकांचं बघायला कुणी नाही," सूपवाले सांगू लागले. "आणि हात कापतात हल्ली. परवा एका मुलीच्या अगदी मांडीजवळ वाटी लवंडली. थोडक्यात वाचली. त्या रात्री ठरवलं, बास."

"मग निदान लोकांना कळवू दे ना मला. दोन ओळी लिहिते."

"अजिबात लिहायचं नाही. लोक येणार, फोटो काढणार, हळहळणार. मला नाही सोसायचं ते. गुपचूप काढा नाव. शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला. दुसरं करणार काय?

चौकशीबाई हे नाव त्यांना नोकरीनं दिलेलं. टेलिफोनच्या चौकशी खात्यात तीस वर्षं काढली. कुणाचा नंबर, कुठली गाडी, कुठल्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो, सगळं शहर त्यांच्या कानात बोलत असे. निवृत्त झाल्या त्याच वर्षी यजमानांच्या छातीनं दगा दिला. संध्याकाळ झाली की त्यांचा दम वाढे. सातला वाफ, नऊला औषध, दहाला पुन्हा वाफ. बाईंच्या संध्याकाळी खाटेच्या पायथ्याशी जाऊ लागल्या आणि बोलण्याची सवय असलेल्या त्या बाईला घर खायला उठलं. तेव्हा भाचीनं मोबाइलवर एक ग्रुप काढून दिला. नाव ठेवलं 'आज रात्री कुठे?' भाचीला वाटलं होतं, मावशीच्या दहा-बारा मैत्रिणी जमतील. आज त्यात साठ हजार माणसं होती.

काम साधं होतं. चार वाजता बाई फोन घेऊन बसायच्या आणि संध्याकाळी उघडणाऱ्या त्रेचाळीस ठिकाणांना एकेक करून विचारायच्या, चालू का बंद. कालव्याकाठचा बुद्धिबळाचा अड्डा, तळघरातला बाहुल्यांचा खेळ, गच्चीवरचा सिनेमा, बुधवारी कवितावाचन ठेवणारा न्हावी, मासे तळणाऱ्या दोघी जावा, रात्री नऊला उघडणारा फुलांचा बाजार. सहा वाजता यादी ग्रुपवर. नुसतं चालू-बंद लिहून त्यांचं भागत नसे. 'गाणाऱ्या ताईंचा घसा बसलाय, आज फर्माईश करू नये.' 'बाहुल्यांचा राजा दुरुस्तीला गेलाय, आज त्याचं काम प्रधान करेल.' लोक असल्या ओळींवर जीव टाकत. आणि यादीत कधी चूक नसे. स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय बाई एक अक्षर लिहीत नसत. अंदाज सांगायचा नाही, हे अंगात भिनलेलं.

एकच गोष्ट ग्रुपला ठाऊक नव्हती. त्रेचाळीसपैकी एकही जागा बाईंनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

रोज त्या कालची यादी समोर घेत आणि एकेका फोनबरोबर तिच्यात बदल करत. त्या दिवशी सूपवाल्यांचा फोन ठेवला आणि सतराव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'सूप आणि गरम पाव. अकरा स्टुलं. चालू.' खोडायचं म्हणून बोट पुढे गेलं, तेवढ्यात आतून यजमानांना ठसका लागला. ठसका कसला, जीव घाबराघुबरा करणारी उबळ. पाठ चोळा, पाणी द्या, यंत्र लावा, यात अर्धा तास गेला. मग उरलेले फोन घाईघाईनं झाले. सहाला यादी गेली. सतरा नंबर तिथेच, चालू.

खरं सांगायचं तर उबळीचं निमित्त झालं. बाईंना ती ओळ खोडवलीच नव्हती.

आठ वाजून गेल्यावर चष्मा शोधून त्यांनी ग्रुप उघडला. 'सतरा नंबरचं शटर खाली आहे' असं 'उपाशी घुबड' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं. त्याखाली दुसऱ्यानं, 'थांबा, उघडेल. बाईंनी चालू लिहिलंय.' तिसऱ्यानं, 'आम्ही पण थांबलोय. बाई चुकत नाहीत.' समोर शटर बंद दिसतंय आणि ही माणसं यादीवर विश्वास ठेवून फुटपाथवर बसलीत! बाईंना रडावं की हसावं कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. सूपवाल्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना फोन केला होता.

"शब्द दिला होतात ना बाई?"

"चूक झाली हो माझी. आत्ता खोडते."

"आता खोडून काय उपयोग? वीस-पंचवीस जण बसलेत खाली. मी वर माडीवर दिवा न लावता बसलोय चोरासारखा. ओरडत असते तर बरं झालं असतं. ते मजेत गप्पा मारत बसलेत." मग आवाज जरा बदलला. "मला नाही सांगवत त्यांना. तुम्ही जमवलीत, तुम्हीच येऊन सांगा, आज बंद म्हणून."

"मी? मी कशी येणार? ह्यांचं..."

पण तिकडे फोन ठेवला गेला होता.

यजमान खाटेवरून सगळं ऐकत होते. दम कमी असला तरी कान शाबूत होते. "जा की," ते म्हणाले.

"आणि तुमचं नऊचं औषध, दहाची वाफ?"

"शेजारची नर्स आलीय ड्यूटीवरून. तिला बोलाव. एक दिवस तिचा ओरडा खातो, तुझाच काय नेहमी." थोडा श्वास घेऊन ते म्हणाले, "अगं, मी काय पळून जातोय? पळता आलं असतं तर तुझ्याआधी मीच गेलो असतो सूप प्यायला."

शेजारच्या नर्सनं बाईंना अक्षरशः दाराबाहेर काढलं. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर बाईंच्या लक्षात आलं, घरातल्याच चपला पायात राहिल्यात. बाहेर शहर उजळलं होतं. कालव्याकाठी दिव्याखाली डोकी पटांवर वाकलेली दिसली. ही माझी सहा नंबरची माणसं, बाई मनात म्हणाल्या. पुढे तळलेल्या माशांचा वास खिडकीतून आत आला. दोघी जावांपैकी एक ठेंगणी होती, एक चांगली उंच. फोनवर मोठा आवाज ठेंगणीचाच असणार, हे बाईंनी बघताक्षणी ओळखलं. रोज हातानं लिहिलेलं सगळं असं खरोखरचं चाललेलं बघायला त्यांनी खिडकीला कपाळ टेकलं. इतकी वर्षं आपण याच्या बाहेर होतो, असं त्यांना वाटलं, आणि लगेच अपराधीही वाटलं, कारण पुढे एका माणसाचं दुकान बंद असल्याचं सांगायला त्या निघाल्या होत्या.

शटरपुढे आता तीसेक माणसं होती. कुणी पायरीवर, कुणी सायकलच्या कॅरिअरवर. समोरच्या बेकरीवालीनं दोन बाकं बाहेर आणून दिली होती. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. घरातल्या चपला, हातात पिशवी. कुणी लक्षही दिलं नाही.

"ऐका जरा," त्या म्हणाल्या.

बेकरीवाली दचकून वळली. नऊ नंबर ती. रोज सव्वाचारला हा आवाज ऐकणारी. "अगंबाई! तुम्ही? तुम्ही बाई ना?"

क्षणात सगळे उठून उभे राहिले. बाईंना ते अगदी सोसेना. "बसा, बसा. यादी मीच करते. आज माझी चूक झाली. हे दुकान बंद आहे. तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा."

कुणी रागावलं नाही. हीच तर पंचाईत. एक बारीक चणीचा, लाजाळू गृहस्थ पुढे आला. हा ग्रुपवर 'तिखट जीभ' नावानं भल्याभल्यांची साल काढत असे, हे बाईंना नंतर कळलं. त्यानं अदबीनं विचारलं, "मग उद्या असेल ना?"

बाईंना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायचं नाही असा शब्द दिलेला. त्यांनी पिशवीचा बंद मुठीत आवळून धरला.

मागून कुलूप निघाल्याचा आवाज आला. शटर कमरेएवढं वर गेलं आणि त्याखालून वाकून एक उंच, वाळका म्हातारा बाहेर आला. स्वच्छ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. अंधारात कपडे बदलले असणार, कारण एक गुंडी चुकीच्या काजात होती.

"उद्या नाही," ते म्हणाले. "आजच शेवटचं. दुकान बंद केलंय मी. या बाई मघापासून माझ्यासाठी बोलणी खायला उभ्या आहेत, ते काही बरं दिसत नाही." त्यांनी गर्दीवर एकदा नजर फिरवली. "आलाच आहात तर बसा. पण कांदे तुम्हाला चिरावे लागतील आणि वाट्या मी उचलणार नाही."

मग काय विचारता! कुणी कांदे घेतले, कुणी गाजरं. 'उपाशी घुबड' ही चांगली भारदस्त शाळामास्तरीण निघाली. तिनं मटार सोलायला बसलेल्या चौघांना शिस्त लावली. तिखट जीभ कांदा चिरताना इतका रडला की लोकांनी त्याला त्याच्या जुन्या टीकेची आठवण करून दिली. बेकरीवालीनं पावाचा आख्खा ट्रे आणला. सूपवाले मोठ्या पातेल्यापाशी उभे राहून मीठ टाकत होते. मिठाचा हात मात्र जराही कापत नव्हता. वाट्या भरल्या की त्या हातोहात मागे जायच्या, एकाकडून दुसऱ्याकडे, अगदी फुटपाथच्या टोकापर्यंत. एक थेंब सांडला नाही. कुणी फोटो काढला नाही. बाईंच्या सांगण्यावरून बेकरीवालीनं सगळ्यांना आधीच दम भरला होता.

बाई अकराव्या स्टुलावर बसून सूप प्यायल्या. फार छान होतं. यादीत त्या नुसतं 'सूप आणि गरम पाव' लिहीत आल्या, याची त्यांना लाज वाटली.

साडेदहाला माणसं पांगू लागली. जाताना प्रत्येक जण आपली वाटी विसळून ठेवत होता. शेवटी दुकानात दोघंच उरली. सूपवाल्यांनी झाकणाच्या डब्यात सूप भरून बाईंपुढे ठेवलं. "घरी न्या. त्यांना गरम करून द्या. मीठ कमी घातलंय."

"रागावलात ना माझ्यावर?"

"रागावलो होतो." ते समोरच्या स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाच्या बाजूनं बसायची सवय नसावी. पाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. "बाई, एक विचारू? हसायचं नाही. संध्याकाळी माणसं करतात तरी काय? म्हणजे, काम नसलं की? चौतीस वर्षं या वेळेला मी इथे उभा आहे. ही पण इथेच. या शहरात रात्री काय असतं, मी काही पाहिलेलं नाही."

बाईंना हसू आलं नाही. "मीसुद्धा नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. "सगळं फोनवर ऐकून लिहिते."

मग दोघंही हसली, पोटभर. आणि हसता हसता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीला पुसले.

"तरी सांगा," ते म्हणाले. "तुम्हाला तर पाठ असेल."

त्यांनी भिंतीवरची फळी काढून मांडीवर घेतली. तिच्यावर सूपचे प्रकार खडूनं लिहिलेले होते. ओल्या फडक्यानं त्यांनी ती स्वच्छ पुसली. बाई सांगू लागल्या. तळघरातल्या बाहुल्या, आठ वाजता. गच्चीवरचा सिनेमा, सतरंजी आपली न्यायची. गाणाऱ्या ताई, आता घसा बरा आहे. सूपवाले खाली मान घालून लिहीत होते. हाताच्या कापऱ्यामुळे अक्षर हलत होतं, म्हणून ते मोठं काढत होते. तीन ओळींत फळी भरली.

"गाण्याला जावं म्हणतो उद्या," ते म्हणाले. मग खडू बोटात फिरवत त्यांनी हळूच विचारलं, "एकट्या माणसाला बसू देतात का हो तिथे?"

डब्याचं झाकण घट्ट होतं, तरी बाईंनी ते पुन्हा एकदा दाबलं.

"देत असतील," त्या म्हणाल्या. "मी उद्या विचारून ठेवते."