दाराला लावलेलं वजन

मी एक वीतभर प्लास्टिकची पट्टी बोलतेय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माणसांचा वीट आलाय मला.

हॉस्पिटलात पलंगांच्या वर जड मॉनिटर धरायला जे ब्रॅकेट लागणार होते, ते ज्या प्लास्टिकचे, त्याच प्लास्टिकची मी. माझं काम एकच. प्रयोगशाळेत टांगून घ्यायचं, पायाला पाच किलोचं वजन बांधून घ्यायचं आणि सहा आठवडे हूं की चूं न करता लोंबायचं. वजन तेवढंच राहतं, तरी दिवस जातील तशी मी कणाकणानं लांबत जाते. याला ही मंडळी क्रीप म्हणतात. रोज सकाळी माझी लांबी वहीत उतरवायची, ते आकडे सॉफ्टवेअरमध्ये घालायचे आणि ब्रॅकेट दहा वर्षांत किती वाकेल ते पडद्यावर बघायचं.

वही लिहायचे प्रयोगशाळेतले मदतनीस, मी त्यांना वजनकाका म्हणते. ज्या बोटांनी कान कोरायचे, त्याच बोटांनी मला चाचपायचे. शी! तेही सोसलं असतं. पण दुपारी उकडायला लागलं की हा बाबा माझ्या पायाचं वजन सोडून दाराला लावायचा, वारा यावा म्हणून. तीन तास मी मोकळी. भार गेला की मी थोडी आखडते, मग सकाळी माझी लांबी खरीपेक्षा कमीच भरते. संध्याकाळी वजन परत पायाला, आणि वहीत त्याचं अक्षरही नाही.

सहावा आठवडा संपत आला तेव्हा संगणकावर बसणाऱ्या ताईंनी ते आकडे भरले. सॉफ्टवेअर बिचारं, भरवाल ते खाणार. अर्ध्या तासात दहा वर्षं उलटली आणि ब्रॅकेट जेमतेम दोन मिलिमीटर वाकला. पडद्यावर सगळा निळा, म्हणजे धोका नाही. खुशीत त्या मला बघायला आल्या आणि दारातल्या वजनाला अडखळल्या.

"हे रोज इथं असतं?"

"दुपारपुरतं हो, ताई. तेवढ्यानं काय होतंय?"

ताईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, चला, हिला कळलं, वाचले पेशंट. त्या तडक समोरच्या काचेच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब दात कोरत होते. पुन्हा सहा आठवडे लटकवायचं म्हणजे ऑर्डर हातची गेली, असं म्हणाले.

"पडद्यावर सगळं निळंच दिसतंय ना? मग करा सही."

आणि ताईंनी केली. काकांच्या बोटांपेक्षा त्या सहीची मला जास्त किळस आली.

आता मी ताईंच्या टेबलावर पेनांच्या डब्यात असते. पाकिटं फोडायला वापरतात मला. नमुन्याचा पहिला ब्रॅकेट साहेबांनी कौतुकानं ताईंच्याच डोक्यावर भिंतीला लावलाय, मॉनिटरसकट. परवा ताईंनी स्टुलावर चढून, तो किती वाकलाय ते मोजायला टेप लावला. चार महिन्यांत तीन मिलिमीटर! टेप पर्समध्ये टाकला, इकडेतिकडे बघितलं आणि टेबल-खुर्ची गुपचूप खिडकीकडे सरकवली.

अहो, कुणीतरी मला पुन्हा टांगा. वजन बांधा आणि मध्ये सोडू नका. खरं काय ते मी लांबून दाखवते. हॉस्पिटलात ब्रॅकेट गेल्याच आठवड्यात लागले. तिथल्या कित्येकांना तर आपलं आपण कूससुद्धा बदलता येत नाही.