मांडीवरचा पावलोवा

वॉरिक टफरीची दोन सीटांची लाल गाडी विकायची, हे टफरींच्या घरात वॉरिक सोडून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ठरवणाऱ्यांची बाजू भक्कम होती, हे तोही नाकारत नव्हता. घरात माणसं पाच: तो, त्याची बायको जॉसलिन, दोन मुली, आणि गेल्या हिवाळ्यात स्वतःचं घर विकून राहायला आलेली विधवा सासू, थेल्मा. जॉसलिनची जुनी गाडी खालून इतकी गंजली होती की तपासणीवाल्याने तिला वॉरंट, म्हणजे रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, द्यायला साफ नकार दिला, आणि वॉरंटशिवाय गाडी डनीडन शहराच्या रस्त्यावर काढली की दंड ठरलेला. उरली ती लाल गाडी. तिच्यात दोन माणसं आणि एक छत्री मावे, तीही घडीची.

तेव्हा दोन्ही गाड्या जाणार आणि त्यांच्या जागी एकच येणार, वापरलेली पण धडधाकट, खिशाला झेपेल अशी. वॉरिकने मान डोलावली. शाळेत सुतारकाम शिकवणारा हा एकेचाळीस वर्षांचा शांत माणूस घरात भांडत नसे, मान डोलवत असे. पण रोज सकाळी सहाला तो पाव आणायला म्हणून बाहेर पडे आणि पन्नास मिनिटांनी परत येई. पावाचं दुकान घरापासून दोनशे पावलांवर होतं. मधल्या वेळात तो बंदराच्या काठाने वळणं घेत पोर्टोबेलोपर्यंत जाई आणि डोंगरावरच्या हायक्लिफ रस्त्याने घरी येई. तेवढ्या वेळात त्याला कोणी काही विचारत नसे, कोणाचा मोजा हरवलेला नसे, आणि गियर टाकताना हाताला जो नेमका खटका लागे, त्यावर त्याचा उरलेला दिवस निघे. नव्या गाडीत हे सुख राहणार की जाणार, एवढीच त्याची चिंता होती. ती कोणाला सांगायची सोय नव्हती. दोन मुलींच्या बापाने घरच्या गाडीत मजा शोधायची म्हणजे जॉसलिनला वर्षभर पुरेल इतका टोमण्यांचा साठा आयता करून देणं.

अर्धे पैसे थेल्मा देणार होती, आणि अर्ध्या पैशांबरोबर तिची एक अट होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण असे आणि प्रत्येक घरातून एक पदार्थ येई. बेचाळीस वर्षं थेल्माच्या घरून पावलोवा येत होता: सहा अंड्यांचा पांढरा भाग साखरेत फेटून भाजलेला, वरून कुरकुरीत, आतून कापसासारखा, त्यावर हातभर क्रीम आणि किवीच्या फोडी. बेचाळीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. मग सप्टेंबरात जॉसलिनच्या गाडीतून जाताना तो मधोमध दुभंगला, आणि बेरिल ओगिल्वी सगळ्यांदेखत म्हणाली, "चवीला काही फरक नाही हं, थेल्मा." बेरिलने शिवी दिली असती तर थेल्माने मनावर घेतलं नसतं.

म्हणून अट अशी: गाडी कुठलीही आणा, थेल्मा मागच्या सीटवर पावलोवा मांडीवर घेऊन बसणार आणि गाडी बंदराच्या रस्त्याने फिरवायची. पावलोवा शाबूत राहिला तर चेकवर सही.

वॉरिकने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. ही परीक्षा पास होणारी गाडी म्हणजे चार चाकांची गादीच असणार, आणि तिच्यात बसून तो निवृत्त होईपर्यंत डुलत राहणार, असं चित्र त्याला स्पष्ट दिसलं.

पहिल्या शनिवारी गादीच आली. अँडरसन्स बे रोडवरच्या विक्रेत्याची, डॅरिल नावाच्या बडबड्या माणसाची, सात सीटांची ऐसपैस व्हॅन. डॅरिल शेजारी बसून गाडीतल्या कप ठेवायच्या जागा मोजून दाखवत होता. बारापर्यंत पोचला होता. व्हॅन इतकी मऊ की पहिल्या वळणावर ती डावीकडे कलली ती दुसरं वळण आलं तरी सरळ व्हायला तयार नव्हती. तिसऱ्या वळणावर पावलोवावरचं क्रीम एकसंध निघालं आणि डॅरिलच्या मानेवर जाऊन बसलं. त्याने तेराव्या कपाची जागा दाखवली नाही. परत येताना थेल्मा एवढंच म्हणाली की या गाडीला कणा नाही. वॉरिकला पहिल्यांदाच सासूबद्दल काहीतरी प्रेमळ वाटलं.

दुसऱ्या शनिवारी उंच, रुबाबदार, चारही चाकं ओढणारी गाडी, शाळेच्या दारात हल्ली सगळ्यांच्या असतात तशी. तिच्यात चढायला पायरीच नसल्याने थेल्माला वॉरिकने बखोटीला धरून चढवलं आणि पावलोवा मागून दिला. ती वळणावर जहाजासारखी डोले. पावलोवाने मॅकअँड्र्यू बेच्या अलीकडेच मान टाकली.

तिसऱ्या शनिवारी वॉरिकने लबाडी केली. मॉसगीलच्या एका पोराची गाडी होती, बुटकी, टणक, रुंद चाकांची. जाहिरातीत "कुटुंबासाठी उत्तम" असं लिहिलं होतं, कारण तिला पाच दारं होती. वॉरिकने ती हातात घेतली आणि त्याचा चेहरा उजळला. रस्ता तळहातावर वाचता येत होता. रस्त्यातला प्रत्येक खडाही वाचता येत होता, आणि मागे थेल्माच्या मांडीवर तो पावलोवालाही वाचता येत होता. घरी पोचेस्तोवर पावलोवाचे नुसते पोहे झाले. थेल्माने ते बशीत गोळा केले आणि जावयाकडे बघितलं. वॉरिक बशी घेऊन स्वयंपाकघरात गेला.

घरात एव्हाना हाल सुरू झाले होते. तीन आठवडे मोडका पावलोवा खाऊन मुलींनी जन्मात पहिल्यांदा गोडाला नको म्हटलं. अठरा अंड्यांचे उरलेले बलक कस्टर्डच्या रूपाने रोज टेबलावर येत. जॉसलिनने हॉस्पिटलच्या ड्युटीवरून येऊन फ्रिज उघडला आणि जाहीर केलं की आता पुढच्या शनिवारी गाडी आली नाही तर ती बस वापरेल आणि बाकीच्यांनी आपापलं बघावं.

चौथी गाडी ब्रॉड बेला मरडॉक नावाच्या म्हाताऱ्याकडे होती. साधी दिसणारी राखाडी स्टेशन वॅगन, जपानहून आलेली, तेरा वर्षांची, आणि हाताने गियर टाकायची. हे शेवटचं वॉरिकने घरी सांगितलं नव्हतं. मरडॉक जन्मभर जमिनी मोजण्याच्या कामावर होता, त्यामुळे खोटं बोलणं त्याला जमत नसे. त्याने आधी सगळे दोष सांगितले: मागच्या दाराला ओरखडा, सीटला कुत्र्याचा वास, थंडीत दुसरा गियर जरा रुसतो. गुडघा बदलल्यापासून क्लच दाबवत नाही म्हणून विकतोय, नाहीतर विकली नसती, असं तो रस्त्याकडे बघत म्हणाला. किल्ली फिरवली तशी गाडीतल्या यंत्रातून एक बाई जपानीत अदबीने काहीतरी बोलली.

"ती रोज बोलते," मरडॉक म्हणाला. "आठ वर्षं झाली. काय म्हणते ते कळलं नाही, पण सूर चांगला असतो."

मरडॉक अंगणात थांबला. थेल्मा मागे बसली, मांडीवर चौथा पावलोवा. वॉरिकने गियर टाकला. खटका लागला. तोच, नेमका. आता त्याला ही गाडी हवी होती. पहिल्या दोन गाड्या नापास झाल्या तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तिसरी पास होणार नाही हे त्याला आधीच ठाऊक होतं. आता पहिल्यांदाच घालवण्यासारखं काहीतरी हाती आलं होतं.

तेव्हा त्याने ती अतिशय जपून चालवली. ताशी तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. वळण दिसलं की ब्रेक, वळणात पुन्हा ब्रेक, वळण संपलं तरी खात्रीसाठी एक ब्रेक. मागे चार गाड्यांची रांग लागली. आरशात पावलोवा पुढे मागे, पुढे मागे करत होता आणि त्याच्या कडेला एक बारीक भेग डोकावू लागली होती.

"बाजूला घे," थेल्मा म्हणाली.

त्याने पाण्याच्या कडेला गाडी थांबवली. जुन्या धक्क्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. झालं, संपलं, असं वॉरिकला वाटलं.

"तू सकाळी असाच चालवतोस का?" थेल्माने विचारलं.

"सकाळी म्हणजे?"

"पाव आणायला जातोस तेव्हा."

वॉरिक पाणकावळ्यांकडे बघत राहिला. "थेल्मा, तुम्हाला कोणी..."

"दुकान माझ्या खिडकीतून दिसतं, वॉरिक. तू उलट्या दिशेला जातोस." तिने पावलोवाची बशी नीट धरली. "हे ब्रेकवर नाचणं बंद कर आणि सकाळी चालवतोस तशी चालव. मोडला तर मोडला."

मोडला तर मोडला, हे शब्द थेल्मा गिलेस्पीच्या तोंडून डनीडनमध्ये कोणी ऐकले नव्हते. वॉरिकने पुन्हा गियर टाकला. आणि मग त्याने चालवली. वळणाच्या आधी एकदाच ब्रेक, मग पाय सोडून चाक एकदाच फिरवायचं आणि गाडीला तिच्या मनाने जाऊ द्यायचं, बाहेर पडताना हलकेच वेग. ती राखाडी, कुत्र्याच्या वासाची गाडी एका वळणातून दुसऱ्यात अशी गेली की मध्ये जोड कुठे होता ते कळलं नाही. पोर्टोबेलो आलं आणि गेलं. हायक्लिफचा चढ लागला, दुसरा गियर रुसला नाही, दोन्ही बाजूंना मेंढरं आणि खाली सगळं बंदर. वॉरिक पावलोवाला विसरला, सासूलाही विसरला. आठवण झाली तेव्हा त्याने दचकून आरशात पाहिलं.

पावलोवावरची किवीची एक फोडही जागची हलली नव्हती. भेग होती तेवढीच होती. थेल्मा मात्र पावलोवाकडे बघतच नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं.

मरडॉकच्या अंगणात परत आल्यावर तिने चेकबुक काढलं. मरडॉकने चमचे आणले, कारण पावलोवा समोर असताना व्यवहार कोरडा करणं त्याला बरं वाटेना. दुसरा घास घेतल्यावर त्याने ओरखड्याचे म्हणून स्वतःहून तीनशे डॉलर कमी केले. वॉरिकने घासाघीस करायची मनाशी केलेली सगळी तयारी वाया गेली. निघताना म्हातारा गाडीच्या टपावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला, आणि वॉरिकला वाईट वाटलं.

संध्याकाळी जॉसलिनने गाडीची दारं उघडून पाहिली, मुलींच्या सीटा बसवून पाहिल्या, आईचा चालायचा वॉकर डिकीत टाकून पाहिला. सगळं बसलं. मग तिला मधला दांडा दिसला.

"हाताने गियर टाकायची? चालवायला कशी आहे?"

"ठीक आहे," वॉरिक अगदी निर्विकार म्हणाला.

जॉसलिनने चौदा वर्षं त्याच्याबरोबर संसार केला होता. ती हसली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या टेबलावर पाचवा पावलोवा अखंड उतरला. बेरिल ओगिल्वीने दोनदा वाढून घेतला आणि चवीबद्दल एक अक्षर काढलं नाही. जॉसलिन म्हणाली की आता या घरात नाताळपर्यंत अंडं फुटणार नाही.

सोमवारी सकाळी सहाला वॉरिक बूट हातात घेऊन पाऊल न वाजवता बाहेर आला. गेला महिनाभर दर शनिवारी त्याचा जीव टांगणीला लागला होता तो या एका सकाळसाठी. त्याने गाडीचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर थेल्मा बसली होती, कोट घालून, पट्टा लावून, पर्स मांडीवर.

वॉरिकला राग आला. खरा राग, जो त्याला सहसा येत नसे. पाच माणसांच्या घरात दिवसाचा एक तुकडा त्याचा होता, आणि तो वाचवण्यासाठी त्याने चार पावलोवांचा धीर धरला होता.

"दवाखान्यात जायचंय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग बँक? इतक्या सकाळी काही उघडलेलं नसतं, थेल्मा."

थेल्माने पर्सचा बंद उघडला, पुन्हा लावला. "मला सगळे नेतात रे," ती म्हणाली. "तक्रार नाही माझी. दवाखान्यात नेतात, बँकेत नेतात, चर्चला नेतात. कुठेतरी पोचवायचं म्हणून नेतात. क्लॅरी गेला त्याला अकरा वर्षं झाली. नुसतं फिरवायला त्याच्यानंतर मला कोणी नेलं नाही. मला हे आवडायचं, हेच मी विसरून गेले होते. शनिवारी त्या चढावर एकदम आठवलं." तिने दाराच्या कडीला हात घातला. "तुला एकट्याला जायचं असेल तर मी उतरते. घरात कोणाला काही सांगणार नाही, उतरते."

वॉरिक बूट हातात घेऊन उभा राहिला. मग तो आत बसला, बूट चढवले, किल्ली फिरवली. जपानी बाईने आपलं काय ते सांगून घेतलं. रस्ता जिथे दोन वाटांना फुटतो तिथे आल्यावर त्याने गाडी हळू केली.

"वरून जाऊ की खालून?"

"कुठून जास्त वेळ लागतो?" थेल्माने विचारलं.

त्याने तिकडे गाडी वळवली.