कोपऱ्यातले भगवानमामा

लखनने पुण्याच्या कुणा हौशी माणसाकडून वापरलेला डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेरा आणला, तेव्हापासून गेवराईतले बाकीचे फोटोग्राफर त्याच्या लेखी मेले होते. "सेन्सर बघितला का ह्याचा? पोळपाटाएवढा हाय," असं तो टपरीवर सांगायचा. सेन्सर, म्हणजे फोटो उमटतो तो आतला तुकडा, होता चहातल्या बिस्किटाएवढा. पण लखनची जीभ लांब होती, त्यामुळे निभावून जायचं.

नव्हती ती एकच गोष्ट, लेन्स. त्या कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स मागितली असती तर वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला कॅमेऱ्यासकट गोठ्यात बांधलं असतं. म्हणून बापड्याने बंद पडलेल्या स्टुडिओंतून, भंगारातून, रोलच्या जमान्यातल्या जुन्या लेन्सा गोळा केल्या आणि बीडच्या अशफाककडून लेथवर कड्या कातून घेतल्या. कडी कॅमेऱ्याला, लेन्स कडीला, की झालं काम. "नव्या लेन्सला काय हाय? जुन्या काचेला आत्मा असतो," असं तो म्हणायचा. आत्म्याबरोबर काचेत बुरशीही असायची, पण तिचं नाव तो काढत नसे.

हे सगळं पुराण घरात एकटी धाकटी बहीण ऋतुजा ऐकून घ्यायची. ती बीडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. चकलांब्याचं स्थळ आलं होतं. मुलगा रामेश्वर, मोसंबीची बाग, माणसं तालेवार, आणि अट अशी की सुनेनं शिक्षण सोडायचं, नोकरीचं नाव काढायचं नाही. आप्पांनी पोरीला न विचारताच होकार देऊन टाकला.

"दादा, आप्पा तुझं ऐकत्यात," ऋतुजा म्हणाली. "माझं शिक्षण तेवढं होऊ द्या म्हणावं. मग कुठं बी द्या मला. मी न्हाई म्हणणार न्हाई."

"बोलतो की," लखन लेन्सवर फुंकर मारत म्हणाला. "उद्या बोलतो."

उद्या नवी लेन्स आली. परवा कडी सैल निघाली. मग बीडच्या चकरा सुरू झाल्या. असं करता करता साखरपुडा उजाडला. त्या सकाळी पोरीनं नुसतं त्याच्याकडे बघितलं, तर हा म्हणतो, "आधी फोटो होऊ दे. मग निवांत बोलतो आप्पांशी." साखरपुडा उरकल्यावर हा निवांत बोलणार होता! असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

दुपारी दोन्हीकडच्या मंडळींना अंगणात फोटोला बसवायला घेतलं. आपल्याकडे फोटोला बसवणं म्हणजे पंचायत भरवणंच असतं. नवरा-नवरीच्या शेजारची खुर्ची कुणाची, यावर दोन्हीकडची म्हातारी माणसं हमरीतुमरीवर आली. शेवटी नवरदेवाच्या आत्याच्या मालकांना तो मान मिळाला आणि त्याच्या सख्ख्या मामाला, म्हणजे भगवानरावांना, अगदी कडेची खुर्ची आली. नवाकोरा फेटा बांधून आलेले भगवानराव दातओठ खात तिथं बसले.

जुन्या लेन्सचा फोकस हाताने जुळवावा लागतो. त्यासाठी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकच तोंड मोठं करून घ्यायचं. लखनने रामेश्वरची मिशी एवढी मोठी केली की पडद्यावर दुसरं काही उरलंच नाही. केस न् केस मोजता येईल इतका साफ दिसल्यावर त्याने बटण दाबलं. मग "हालू नका, दुसरी लेन्स लावून बघतो," म्हणत आणखी एक फोटो काढला. मंडळी उन्हात शिजत होती. नवरी खाली मान घालून बसली होती, तिला कुणीतरी "वर बघ" म्हणून दटावलं.

संध्याकाळी त्याने पहिला फोटो उघडला, पुन्हा त्याच मिशीवर जाऊन "वा रे काच!" म्हणाला, आणि दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकून मोकळा झाला. कोपऱ्यांत काय आहे ते बघायची तसदी त्याने घेतली नाही. ती लेन्स होती छोट्या रोलच्या कॅमेऱ्याची. एवढ्या मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यापर्यंत तिचा उजेड पोचतच नव्हता. चारी कोपरे काळेठिक्कर आले होते आणि त्यातल्या एका कोपऱ्यात भगवानराव गडप झाले होते. त्यांचा एक बूट तेवढा उजेडात राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भगवानराव रामेश्वरच्या वडिलांना घेऊन आप्पांच्या ओसरीवर हजर.

"आमचं तोंड नको होतं तर बोलावलं कावून?" भगवानराव म्हणाले. "आधी कडंला बसवलं, मी गप बसलो. मग शुभकार्याच्या फोटोत काळं केलं. सोयरीक हितंच संपली."

रामेश्वरच्या वडिलांनी मान डोलावली. त्यांची बायको भावाशिवाय लग्नाला उभी राहणार नव्हती, आणि बायकोशिवाय ते स्वतः कशालाच उभे राहत नसत. आप्पा डोक्याला हात लावून बसले.

ऋतुजा न सांगता चहा घेऊन आली. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडावर रंग दिसत होता. कप ठेवता ठेवता ती लखनच्या कानाशी म्हणाली, "दादा, देवानं ऐकलं बघ. आता तू बोलू बी नको. नुसता गप बस."

इतकं सोपं काम लखनला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो बसलाही गप. भगवानराव म्हणाले, "कसला बे फोटोग्राफर हा? माझा नातू मोबाइलवर बरा काढतो." लखनने गिळलं. "गेवराईत तोंड दाखवायची लाज कशी वाटत न्हाई?" तेही गिळलं. मग भगवानराव म्हणाले, "आन् त्यो कॅमेरा तर निव्वळ भंगार हाय."

"दुसरा फोटो हाय मामा," लखन म्हणाला.

ऋतुजाचा हात कपावर तसाच राहिला. लखनने तोवर लॅपटॉप उघडलाही होता. दुसरी लेन्स मोठ्या रोलच्या जुन्या कॅमेऱ्याची होती, तिने या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळा फोटो भरून काढला होता. भगवानराव फेट्याच्या तुऱ्यापासून बुटाच्या नाडीपर्यंत झळकत होते. लखनने त्यांची अंगठी मोठी करून दाखवली, घड्याळातले काटे दाखवले. भगवानरावांचा चेहरा लोण्यासारखा पाघळला.

"आरं, असा होता तर आधी का न्हाई टाकला? आता नवरीला दाव बरं."

लखनने ऋतुजाचा चेहरा मोठा केला. डोळे काठोकाठ भरलेले होते आणि खालच्या पापणीवर एक थेंब, पडू की नको अशा बेताने थांबलेला. लखनने तो आत्ता पहिल्यांदा पाहिला. कालपासून तो मिशीच बघत होता. त्याला लाज वाटली, खरोखर वाटली. आप्पाही टक लावून पडद्याकडे बघत होते. बोलायचं असेल तर आत्ताच, हे त्याच्यासारख्यालाही कळलं.

भगवानरावांनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! डोळ्यातलं पाणी बी टिपलं! ह्याला म्हणत्यात कॅमेरा. आप्पा, पोरगं नाव काढतंय तुमचं. ह्योच फोटो मोठा करून लग्नाच्या मांडवाला लावायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांचा जीव भांड्यात पडला. लखनने बोलायला तोंड उघडलं.

"केवढा करू, मामा?" तो म्हणाला.

ऋतुजाने रिकामे कप गोळा केले. जाता जाता ती पडद्यापाशी थांबली, आपलाच चेहरा तिने नीट बघून घेतला.

"लई भारी आलाय, दादा," ती म्हणाली, आणि आत गेली.