दोन नावांमधली जागा

“ताई, आमची दोघांची नावं जरा जवळ घ्या ना,” संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवत होणारी नवरी म्हणाली.

शेजारी उभा असलेला नवरदेव छताच्या पंख्याकडे बघत होता. त्याची आधी एक बायको होती हे त्या पोरीला ठाऊक होतं. ती हीच, समोर बसून पत्रिका मांडणारी, हे ठाऊक नव्हतं. गावात छापखाने काय कमी होते? पण इथला मालक त्याचा दोस्त, काम फुकटात होणार, म्हणून आला होता निर्लज्ज.

“हो, घ्या जवळ,” तोही म्हणाला.

घ्या! इतकी वर्षं ज्याच्या तोंडून ‘ए’शिवाय हाक निघाली नाही, तो आता अहो-जाहो करत होता. मांडणीवालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने मुकाट्याने नावं जवळ घेतली.

पत्रिका पसंत करून दोघं गेली. त्या पत्रिकेवरूनच लग्नाच्या सभागृहात लावायचा मोठा फलक निघायचा होता. कागद वाढवताना कुठलं अंतर आहे तेवढंच राहील आणि कुठलं कागदाबरोबर ताणलं जाईल, हे आधी ठरवून द्यावं लागतं. तिने तारीख, पत्ता, वेलबुट्टी, सगळ्यांमधलं अंतर बांधून टाकलं. दोन नावांमधलं तेवढं मोकळं सोडलं. मग फलकाचं माप घातलं. त्याचं नाव सरकत एका टोकाला गेलं, पोरीचं दुसऱ्या. मध्ये ट्रक उभा राहील एवढं रिकामं.

“बस आता बोंबलत,” ती पुटपुटली. घटस्फोट हातात पडला तेव्हाही जीव इतका गार झाला नव्हता. मालकाने फलक न बघताच छपाईला धाडला. तिचं काम तो कधीच तपासत नसे. लग्नाच्या दिवशी ती घरी बसून मनातल्या मनात त्याची फजिती बघत राहिली.

आठवड्याने पोरगी एकटीच आली, फोटो घेऊन.

“ताई, काय डोकं लावलंत हो! फलक बघून हे पांढरेफटक पडले. ‘उतरवा, उतरवा’ करत सुटले. मला हसूच आवरेना. म्हटलं, अहो, असं काय करता, ही आपल्याला उभं राहायला जागा सोडलीय! मग काय, पाहुण्यांची फोटोला ही रांग!”

फोटोत ती त्याला हाताला धरून मध्ये ओढत होती, आणि तो चोरासारखा वरच्या फलकाकडे बघत होता. म्हणजे त्याला कळलं होतं. मांडणीवालीला आनंद झाला, पण घटकाभरच. आपण रचलेलं सगळं या पोरीने हसण्यावारी नेलं, याचा तिला राग आला. आणि हेवा वाटला, नवऱ्याचा नव्हे, त्या हसण्याचा. त्या घरात तिला असं कधी हसता आलं नव्हतं.

“तुमच्यासाठीच आणलाय फोटो. हे म्हणत होते, कशाला जातेस तिथे.”

“नको, तुझ्याकडेच राहू दे.”

पोरगी दारापर्यंत गेल्यावर तिने हाक मारली.

“ऐक गं. पुढे कधी काही लागलं, छापायचं किंवा दुसरं काहीही, तर ये. एकटी ये.”

पोरीचं हसू जरासं थबकलं. मग तिने मान डोलावली.