समासातल्या तारखा

"या वर्षी तरी झेलाचे पाय धुणार आहेस का, ते आधी सांग," ऑटी दारातूनच म्हणाली. "म्हणजे तुझ्या शेजारी बसायचं की नाही, ते मला ठरवता येईल."

डेल्फिया टॉवेलला इस्त्री करत होती. पिठाच्या पोत्याच्या कापडाचा लांब पांढरा टॉवेल, तिच्या आईनं हातानं शिवलेला. वर्षातून एकदाच तो पेटीतून निघायचा, जूनच्या दुसऱ्या रविवारी, देवळात पाय धुण्याच्या दिवशी. बायका बायकांचे पाय धूत, पुरुष पुरुषांचे. टॉवेल कमरेला बांधायचा, गुडघे टेकायचे, समोरच्या बहिणीचे पाय घमेल्यात घ्यायचे आणि टॉवेलच्या टोकानं पुसायचे. मग तोच टॉवेल तिनं बांधायचा आणि आपण बाकावर बसायचं. कुणी आपल्यासमोर गुडघे टेकले तर नाही म्हणायचं नाही. आमच्या त्या केंटकीच्या डोंगरात लोक शेजाऱ्यावर गोळी झाडतील, पण देवळात पुढे आलेलं घमेलं कुणी मागे सारल्याचं ऐकलेलं नाही.

"बायबलातलं अठ्ठावन्नावं स्तोत्र वाच," डेल्फिया मान वर न करता म्हणाली. "पाय कशात धुवायचे ते तिथं लिहिलंय."

"ईऽ! दुष्टांच्या रक्तात? सकाळी सकाळी? अगं, माझा नाश्ता अजून खाली उतरला नाही!"

"मी नाही लिहिलेलं. पवित्र पुस्तकात आहे."

"पुस्तकात पुष्कळ आहे. तुला नेमकं तेवढंच सापडतं." ऑटी खुर्चीत बसली. ती डेल्फियाची नणंद, तिच्या नवऱ्याची, अर्विलची, धाकटी बहीण. "तो माझाही भाऊ होता, डेल्फिया. एकतीस वर्षं झाली."

"तुझा भाऊ गेला, तरी तुला दुसरे दोन भाऊ उरले. मला दुसरा नवरा नव्हता."

टॉवेलच्या कडेवर इस्त्री जरा जास्तच वेळ टेकली आणि करपल्याचा वास सुटला.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चार नंबरच्या खाणीत अर्विल दुपारपाळीला होता. पाळी तीनला सुरू व्हायची. त्याआधी गॅस तपासणाऱ्या मुकादमानं दिवा घेऊन एकट्यानं आत जायचं, प्रत्येक बोगद्याच्या टोकापर्यंत चालायचं, आणि तपासलेल्या प्रत्येक जागी खडूनं आपली आद्याक्षरं आणि तारीख लिहायची. मग बाहेर येऊन वहीत सही करायची. ती सही बघितल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नसे. मुकादम होता होबर्ट, झेलाचा नवरा.

त्या दिवशी दुपारी एक वाजता डेल्फिया झेलाकडे बरणीची झाकणं मागायला गेली होती. तिच्या परसात फरसबीचा ढीग झाला होता आणि ती बरण्यांत भरून टिकवायला झाकणं संपली होती. झेलाचं घर ओढ्याच्या पलीकडे, दहा पावलांवर. दोघींची लग्नं एकाच वर्षातली. चुलीवरचा पदार्थ अर्धा सोडून एकमेकींकडे धावायच्या अशा. होबर्ट बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपला होता. त्याचे पाय सोफ्याच्या कडेबाहेर आले होते. मोजे नाहीत, कोळशाचा कण नाही, मळलेल्या पिठासारखे पांढरे पाय.

"रात्रभर दाढ दुखत होती बाई याची," झेला कुजबुजली होती. "जरा डोळा लागलाय. उठवते दोन वाजता."

दोनला त्याला कुणी उठवलं नसावं. पावणेतीनला तो खाणीवर गेला आणि वहीत सही करून मोकळा झाला. चार वाजून वीस मिनिटांनी आत स्फोट झाला. तिघं गेले. अर्विल त्यातला एक.

चौकशीत डेल्फियानं पाहिलं ते सांगितलं. मग झेला उठली, पवित्र पुस्तकावर हात ठेवला आणि हळुवार आवाजात म्हणाली, "ती आदल्या दिवशी आली होती, साहेब. बिचारीचं दुःखानं चित्त थाऱ्यावर नाही. होबर्ट त्या दिवशी साडेबारालाच डबा घेऊन गेला."

त्या 'बिचारी'नं डेल्फियाच्या तोंडाला कायमचं कुलूप घातलं. ठपका मेलेल्यांवर आला. आत कुणीतरी सिगारेट पेटवली असणार, बहुधा अर्विलनं, असं कागदावर लागलं. अर्विल जन्मभर तंबाखू चघळायचा. पेटवून त्यानं कधी ओढली नव्हती. पण कागदावर लागलं ते लागलं. पुढे दुकानात, लग्नात, कुठेही खाणीचा विषय निघाला की लोक डेल्फियाला बघून आवाज खाली घेत.

त्या वर्षी ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आणि सत्तावीस वर्षं तिनं पोरांना जेवण वाढलं. आणि त्याच वर्षी रोज सकाळी एकशे नववं स्तोत्र वाचायला सुरुवात केली. शत्रूचे दिवस थोडे होवोत, त्याचं काम दुसऱ्याला मिळो, त्याची बायको विधवा होवो, त्याचा वंश खुंटो. कॉफी उकळेपर्यंत तिचं वाचून व्हायचं.

धर्मगुरू ब्रदर एस्टिल एकदा तिच्याकडे जेवायला आले असताना पुस्तक त्या पानावर आपोआप उघडलं. ते दचकले.

"सिस्टर डेल्फिया, ही दाविदाची प्रार्थना. आपली नव्हे. आपल्याला प्रभूनं वेगळं शिकवलंय."

"मग पुस्तकात ठेवली कशाला?"

"काही गोष्टी कठीण असतात..."

"कठीण कुठे? मला तर एका दिवसात पाठ झाली. मी बंदूक घेऊन गेले का कुणाच्या दारात? देवालाच सांगतेय. देवाला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं? आणखी शेंगा घ्या, ब्रदर."

ब्रदर एस्टिलनी शेंगा घेतल्या. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा त्यांनी पाहिल्या, पण विचारलं नाही.

त्या खुणा म्हणजे डेल्फियाची आद्याक्षरं आणि तारखा. खाण बंद पडून होबर्टचं काम गेलं, त्या दिवशी तिनं त्या ओळीशेजारी डी. आर. लिहून तारीख टाकली. होबर्टच्या छातीत कोळसा बसला आणि चार वर्षं नळीनं श्वास घेत तो गेला. झेला विधवा झाली. डी. आर., तारीख. मुकादम बोगद्याच्या टोकाशी लिहितो तसं. आपण टोकापर्यंत चालत जाऊन बघून आलो आहोत, असं.

एका खुणेपाशी मात्र तिचं बोट कधी थांबत नसे. झेलाचा मुलगा लोनी. शाळेत रोज जेवणाच्या रांगेत तो थाळी घेऊन उभा राही आणि डेल्फिया त्याला मक्याच्या पावाच्या कोपऱ्याचा तुकडा देई, कडक झालेला, करपलेला. मऊ मधला भाग दुसऱ्यांना. सात वर्षं तिनं हे केलं, एक दिवस चुकवला नाही. बाविसाव्या वर्षी लोनीचा ट्रक घाटातून खाली गेला. मयताला सगळा गाव गेला, म्हणून तीही गेली, आणि झेलानं तिचा हात धरला.

"तुझ्या हातचा कोपऱ्याचा तुकडा त्याला फार आवडायचा. 'डेल्फियामावशी माझ्यासाठी मुद्दाम ठेवते,' म्हणायचा."

घरी येऊन तिनं वंशाच्या ओळीशेजारी तारीख लिहिली. आकडा वेडावाकडा उमटला. दुसऱ्या दिवशीही तिनं स्तोत्र वाचलं.

त्या रविवारी देवळात बायकांची बाजू भरली होती. डेल्फिया शेवटच्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसली, एकतीस वर्षं बसत होती तिथंच. झेला पुढे बसायची. मधे आठ बाकं. शेजारी ऑटी बसली, कारण शेवटी ती तिथंच बसायची.

ब्रदर एस्टिलनी गीताची ओळ म्हटली आणि सगळ्यांनी ती लांबवत, डोंगर चढावा तशी सावकाश, मागून म्हटली. बायकांनी मोजे उतरवले. घमेल्यांत कोमट पाणी ओतलं गेलं. कुणी रडत होतं, कुणी गळ्यात पडत होतं.

मग ऑटीनं डेल्फियाला कोपर मारलं.

झेला उठली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टॉवेल. तिची नात शेल्बी, लोनीची मुलगी, घमेलं घेऊन मागून येत होती. झेला एकेक बाक मागे टाकत आली. पायात काळे जाड बूट, तसेच. तिनं ते काढले नव्हते. काही जणींचं गाणं मंदावलं. दोघींमधलं वैर सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ती डेल्फियासमोर थांबली. शेल्बीनं घमेलं खाली ठेवून काठी घेतली. झेलानं टॉवेल कमरेला बांधला आणि बाकाला धरून गुडघे टेकले. खाली जायला तिला फार वेळ लागला.

"ऊठ," डेल्फिया म्हणाली.

"नाही उठणार. पाय दे."

घमेलं समोर आलेलं होतं. डेल्फियानं पाय दिले. झेलानं ते पाण्यात घेतले, तळहातानं पाणी वर ओतलं, आणि मान खाली घालून, ओठही न हलवता म्हणाली, "तू त्याच दिवशी आली होतीस."

गीताची नवी ओळ सुरू झाली होती. डेल्फियाखेरीज कुणाला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"तू त्याच दिवशी आली होतीस. आदल्या दिवशी नाही. तो झोपला होता."

एकतीस वर्षं डेल्फियानं या वाक्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. दर वर्षी त्यात एखादा शब्द बदलायची. आता त्यातला एकही आठवेना. आठवले ते सोफ्याबाहेर आलेले पांढरे पाय.

"मोठ्यानं सांग," ती म्हणाली.

"डेल्फिया, पोरगी इथं उभी आहे..."

"माझा अर्विल तिकडे मातीत आहे. तुझं खोटं सगळ्यांना ऐकू येईल असं बोललीस, खरं माझ्या पायांना सांगतेस? मोठ्यानं सांग. नाहीतर पाणी ओतून दे आणि जा."

ऑटीनं तिच्या दंडाला हात लावला. डेल्फियानं तो झटकला. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या, मग चौघी, आणि गाणं बायकांच्या बाजूनं तुटत गेलं. पुरुषांची बाजू एकटीच अर्धी ओळ गात राहिली आणि तीही थांबली.

झेलानं बाकाची कड धरली. तिचा आवाज अजूनही तसाच होता, हळुवार.

"होबर्ट त्या दिवशी खाणीत आत गेलाच नव्हता," ती म्हणाली. "घरी झोपला होता. मी त्याला उठवायचं विसरले. डेल्फियानं त्याला बघितलं होतं. मी पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलले. अर्विलनं काही पेटवलं नव्हतं."

शेल्बीच्या हातातली काठी खाली पडली. पोरीनं ती उचलली नाही. ती आजीकडे बघत होती, आणि डेल्फिया त्या पोरीच्या चेहऱ्याकडे. लोनीचेच डोळे होते. एवढी वर्षं मागितलं ते समोर होतं, उघड, सगळ्यांच्या देखत; आणि डेल्फियाला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, बरं वाटलं. भुकेल्या माणसाला पहिल्या घासाला वाटतं तसं.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मागितलंय कुणी?" झेला म्हणाली. तिनं टॉवेलनं डेल्फियाचे पाय पुसले, बोटांच्या मधेही पुसले. मग शेल्बीच्या आधारानं उठली, टॉवेल सोडून डेल्फियाच्या हातात दिला आणि बाकावर बसली.

आता पाळी डेल्फियाची होती.

ब्रदर एस्टिल पुढं व्हायला निघाले आणि थांबले. डेल्फियानं तो ओला टॉवेल बाजूला ठेवला. पिशवीतून आपला काढला, कडेला करपल्याचा डाग असलेला, आणि कमरेला बांधला. गुडघे टेकले. झेलाच्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"राहू दे, मी काढते," झेला घाईनं म्हणाली. "उजवा नको. डावाच धू."

डेल्फियानं उजवा बूट काढला, मोजा काढला. त्या पायाला दोनच बोटं होती. बाकीची साखरेच्या दुखण्यानं गेली होती, कापलेली जागा काळपट, आक्रसलेली. काही महिने ती देवळात हे जाड बूट घालून येत होती, हे गावानं पाहिलं होतं. कारण कुणाला ठाऊक नव्हतं. डेल्फिया त्या पायाकडे बघत राहिली. स्तोत्रात यासाठी ओळ नव्हती.

"केव्हा?" तिनं विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात. कशाला सांगायचं कुणाला."

डेल्फियानं घमेल्यातल्या पाण्यात मनगट बुडवून पाहिलं. "निवलंय हे. ऑटी, किटलीतलं आण."

ऑटी डोळे पुसत उठली. गरम पाणी आलं. डेल्फियानं ते हळूहळू मिसळलं, पुन्हा मनगट बुडवलं आणि मग तो पाय हातात घेतला. आधी टाच. मग घोटा, आतून आणि बाहेरून. मग तळवा. पुढं कुणीतरी, बहुधा ब्रदर एस्टिलनीच, तुटलेली ओळ पुन्हा उचलली आणि गीत सुरू झालं. ओळीमागून ओळ गेली, शेवटचं कडवंही संपलं. दुसऱ्या बायका मोजे चढवून, घमेली रिकामी करून बाहेर झाडाखाली मांडलेल्या जेवणाकडे निघाल्या. डेल्फिया अजून गुडघ्यांवरच होती. कापलेल्या जागेच्या कडेनं, सुरकुतीसुरकुतीतून, तिचं बोट फिरत होतं.

"पुरे झालं गं," झेला म्हणाली. "तुझे गुडघे दुखतील."

"गप्प बस," डेल्फिया म्हणाली. "अजून सगळं बघून झालेलं नाही."

आणि तिनं दुसरा पाय घमेल्यात घेतला.