शीर्षकाखालच्या दोन ओळी

ऑफिसात माझ्या माघारी मला ‘कॅपिटलकाका’ म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. आमची कंपनी बेकऱ्यांसाठी पीठ मळायची यंत्रं बनवते. त्यांची इंग्रजी माहितीपुस्तकं माझ्या हाताखालून जातात. शीर्षकात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, की फक्त पहिल्या शब्दाचं, यावर मी सहा आठवडे बैठका घेतल्या. सगळे जांभया देत होते, मी मात्र रंगात आलो होतो. शेवटी दुसरी पद्धत ठरली. लगोलग मी नियम काढला: शीर्षक चुकलेला मजकूर न वाचता परत जाईल.

दुरुस्तीसाठी गावोगाव फिरणाऱ्या आमच्या मेकॅनिकनं पुस्तकात घालायला पाठवलेला मजकूर असा दोनदा परत गेला. पहिल्यांदा शीर्षकातली सगळीच अक्षरं मोठी होती, दुसऱ्यांदा निम्मी. “पालथ्या घड्यावर पाणी,” मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो.

परवा एका बेकरीत एका बाईचा हात यंत्रात सापडला. आमचं पुस्तक समोर उघडं ठेवून तिनं बटण बंद केलं आणि लगेच झाकण उघडलं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. तिची दोन बोटं गेली.

आज मेकॅनिक आला. मला वाटलं, आता हा माझी चांगलीच खरडपट्टी काढणार. तर तोच मान खाली घालून उभा.

“माझंच चुकलं, साहेब. दोनदा परत आलं, तेव्हाच कुणाला तरी विचारायला हवं होतं. आमच्या इंग्रजीचा सगळा आनंदीआनंद. काल पोरीला शेजारी बसवून एकेक अक्षर तपासून घेतलं.” त्यानं कागद पुढे केला. “आता तरी चालेल ना?”

शीर्षकाखाली दोनच ओळी होत्या. बटण बंद केल्यावरही पाती वीस सेकंद फिरत राहतात. ती पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.

लाजेनं माझे कान तापले. “तुमचं काहीच चुकलं नाही,” मी म्हणालो. “मी वाचलंच नव्हतं.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

तो खुर्चीत बसला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. शीर्षकातल्या तिसऱ्या शब्दाचं अक्षर अजूनही मोठंच राहिलं होतं. कागद हातात घेतल्यावर माझी नजर आधी तिथेच गेली होती.