बोक्याचा चेहरा

माझ्या भावाला घरात बोका म्हणत. तो केव्हाही यायचा, समोर दिसेल ते खायचा आणि ओरडा खाऊनही पुन्हा तिथेच येऊन लोळायचा. आमच्या वेबकॉमिकच्या नायकाचं नाव म्हणूनच बोका पडलं. गोष्ट भावाची, चित्रं माझी. एक राक्षसांचं शहर, डोंगराएवढी घरं, आणि त्यांच्या छपरांवरून पळत राक्षसांची स्वप्नं चोरणारा एक पोरगा. स्वप्नं चोरून हा करतो काय, असं मी विचारलं की भाऊ म्हणायचा, ताई, तू आधी राक्षस नीट काढ.

खोटं कशाला सांगू, राक्षस बटाट्यासारखे दिसायचे. हात कोपरापासून कुठे वळतो हेही मला माहीत नव्हतं. पण बोका हुबेहूब यायचा. भाऊ समोर बसून बडबड करायचा आणि मी त्याच्याकडे बघत चार रेघा मारायचे. फाकलेले कान, अर्धा तुटलेला पुढचा दात, झालं.

आईला हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटायचं. मग एका वळणावर ट्रकने भावाची मोटरसायकल उडवली, आणि आमच्या घरात बोलण्यासारखं काही उरलं नाही.

कॉमिक मी चालू ठेवलं ते हौसेने नाही. थांबवलं तर तो दुसऱ्यांदा जाईल, एवढंच मला कळत होतं. दिवसभर मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. गुलाबी मेणात दात बसवायचे, रंग जुळवायचा, मालकाची बोलणी खायची. घरी आलं की टॅबलेट घेऊन बसायचं. दर शनिवारी एक पान इंटरनेटवर टाकायचं.

एका शनिवारी आई माझ्या खोलीत आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, यात ते कसं बघायचं ते दाखव. तेव्हापासून ती एकही पान चुकवेना. वाचायला तिला जमायचं नाही. फुग्यांमधलं बोलणं मी वाचून दाखवायचे. दोन बोटांनी चित्र मोठं करून ती बोक्याचं तोंड बघत बसायची. भिंतीवर भावाचा मोठा फोटो आहे, तरी ती याच्याकडे का बघते, हे मी एकदा विचारलंच.

"फोटोतला तिथंच उभा असतो गं," ती म्हणाली. "हा रोज कुठे कुठे जातो."

मला तेव्हा रडू आलं होतं. मी भांडी घासायला निघून गेले.

पुढे माझा हात बसत गेला. कवटीचा अभ्यास केला, मान खांद्यात कशी रुजते ते शिकले, कारखान्यातले जबड्यांचे साचे बघून हनुवट्या काढल्या. राक्षसांना वजन आलं, छपरांवर उजेड पडायला लागला. वाचक वाढले. घुबड नावाने लिहिणारा एक वाचक तर मला दर आठवड्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा, आणि मीही खुशाल चढायचे. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला धड येत होती.

बोक्याचे कान तेव्हा मला जरा जास्तच वाटले. ते मी मापात आणले. गाल उतरवले, डोळे जागेवर घेतले.

आईने ते पान बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा कोण?"

मी वैतागून म्हटलं, बोकाच आहे, दुसरा कोण असणार. आता चेहरा नीट काढता येतो मला, म्हणून वेगळा वाटतोय.

"चांगला काढलायस," ती म्हणाली. "पण हा आपला नाही."

पुढच्या शनिवारी तिने मोबाइल उघडला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी पान वाचून दाखवू का म्हटलं, तर म्हणाली, राहू दे, तुझं चालू दे. ती नुसती खिडकीत बसायला लागली. जेवणही कमी झालं. मला तिचा राग आला, मग भीती वाटायला लागली.

मग मी मागे जायचं ठरवलं. जुनी पानं उघडून तसाच बोका काढायला घेतला. कान फाकवले, दात तोडला, रेघ मुद्दाम वाकडी केली. आणि काय आलं? मोठ्या माणसाने बोबडं बोलावं तसं ओशाळवाणं काहीतरी. शिकलेला हात ऐकेचना. फोटोवरून काढला, तर आई म्हणाली, हा फोटो आहे. शेवटी सगळं बाजूला ठेवून, डोळे मिटून त्याला आठवायला बसले. तर डोळ्यांसमोर माझीच चित्रं यायला लागली, एकामागून एक. त्यांच्यामागे कुणी नव्हतं. इतकी वर्षं मी भावाला काढत नव्हते, मागच्या पानावरून पुढचं पान काढत होते.

शनिवार तोंडावर आला. पान तर टाकायचं होतं. चेहरा येत नसला की पाठ काढायची, ही कच्च्या चित्रकारांची पळवाट, आणि मी ती धरली. गल्लीतून निघालेला बोका, पाठमोरा. फार विचार न करता काढत गेले. शर्ट एका बाजूने बाहेर आला, डावा खांदा थोडा उतरला, बुटांच्या टाचा दाबून तो ते चपलांसारखे फरपटत निघाला.

आई पाणी द्यायला आली होती. ती मागे थांबली. मग स्टूल ओढून बसली, आणि तिने स्क्रीनवर बोट टेकवलं, त्या दाबलेल्या टाचांवर.

"नवे बूट असेच चेचायचा," ती म्हणाली. "किती बोलायचे मी त्याला."

मी हळूच विचारलं, हा तोच आहे का.

"तोच. चाललाय बघ."

तिचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. कित्येक आठवड्यांनी ती माझ्याजवळ अशी खेटून बसली होती. तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि स्टूल माझ्याकडे सरकवून घेतलं.

"आता त्याला जरा इकडे वळव ना," ती म्हणाली.

मी नवीन पान उघडलं. डोक्याचा गोल काढला, मानेची रेघ ओढली. आई हात मांडीवर ठेवून वाट बघत होती. मी केस काढायला घेतले, आणि केसच काढत राहिले.